कापूस आपला, भाव कुणाचा?

सीतादहीची पूजा आटोपून पहिली वेचणी घरात आली की पुसद तालुक्यातल्या गावांमध्ये छोट्या मालवाहू गाड्या फिरू लागतात. गाडीत इलेक्ट्रॉनिक काटा असतो आणि खिशात रोकड. याला खेडा खरेदी म्हणतात. सोमवारी दारात आलेला व्यापारी क्विंटलला सहा हजार नऊशे देऊ करतो. गुरुवारी तोच माणूस त्याच घरातल्या त्याच गंजीला सात हजार पन्नास म्हणतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा खाली येतो. मधल्या दिवसांत ना पाऊस पडला, ना बोंडअळी आली. कापसाची प्रत होती तीच राहिली. मग बदलले काय?

ओट्यावर याचे उत्तर तयार असते: भाव वरून पाडला, व्यापारी एक झाले. कधी कधी ते खरेही असते आणि त्याबद्दल पुढे बोलूच. पण व्यापाऱ्यांनीच भाव ठरवायचा असता, तर गुरुवारी तो वाढवण्याचे त्यांना काही कारण नव्हते. दीडशे रुपये जास्त द्यायला त्याला कुणीतरी किंवा कशाने तरी भाग पाडले. ते काय, हे समजून घेतले की बाजार, स्वातंत्र्य आणि उद्योजकता हे भाषणात ऐकलेले शब्द थेट आपल्या गंजीशी येऊन भिडतात.

एका ढिगात दोन माल

शेतकरी कापूस विकतो, पण कापूस म्हणून तो कुणालाच नको असतो. जिनिंगमध्ये गेल्यावर त्याचे दोन माल होतात, रुई आणि सरकी. रुईच्या दाबून गाठी बांधतात आणि त्या सूतगिरणीत जातात. सरकी तेलघाण्यावर जाते. तिच्यातून निघालेले तेल खाद्यतेलाच्या बाजारात उतरते आणि उरलेली ढेप दुभत्या जनावरांपुढे पडते. म्हणजे गंजीचा भाव एका नव्हे, दोन बाजारांत ठरतो आणि त्या दोघांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

रुईला गिऱ्हाईक कोइम्बतूरचे असते, तसेच बांगलादेशाचेही. तिच्या भावावर न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराची, ब्राझीलमधल्या पिकाची आणि रुपया-डॉलरच्या दराची छाया पडते. सरकीचे तेल मात्र इंडोनेशिया-मलेशियातून येणाऱ्या पामतेलाशी झुंजत असते आणि ढेपेचा भाव दुधाच्या धंद्यावर चालतो. न्यूयॉर्कला रुई चढली, टीव्हीवर तशी बातमीही आली, तरी पुसदला कापूस उतरला, असे का होते याचे उत्तर बहुधा सरकीत सापडते.

चौकट : एका क्विंटलचा हिशेब

आकडे उदाहरणादाखल धरले आहेत, रीत मात्र धंद्यातली आहे. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई आणि ६४ किलो सरकी निघते, दोन किलो घट जाते. रुईचा भाव खंडीवर बोलतात आणि खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो. खंडी ५३,४०० रुपयांना असेल तर रुई किलोला १५० रुपये पडली. ३४ किलोंचे झाले ५,१०० रुपये. सरकी क्विंटलला ३,४०० रुपये धरली तर ६४ किलोंचे २,१७६. एकूण ७,२७६. त्यातून जिनिंग-प्रेसिंग, हमाली, वाहतूक, बाजार शुल्क आणि गुंतलेल्या पैशाचे व्याज मिळून ३०० रुपये वजा केले की ६,९७६ उरतात. व्यापारी ६,९०० म्हणतो तो इथून. आता रुई किलोमागे पाच रुपयांनी चढली तर क्विंटलला १७० रुपये वाढतात. पण त्याच दिवशी सरकी किलोमागे तीन रुपयांनी उतरली तर १९२ रुपये जातात आणि रुईची तेजी असूनही शेतकऱ्याच्या हाती २२ रुपये कमी पडतात.

या हिशेबात एक आकडा शेतकऱ्याच्या हातातला आहे, तो म्हणजे रुईचा उतारा. ३४ ऐवजी ३६ किलो रुई निघाली तर त्या दोन किलोंचे ३०० रुपये होतात. सरकी तेवढी कमी झाली हे वजा केले तरी सव्वादोनशेच्या वर उरतात. ओलाव्याचेही तसेच. सरकारी खरेदीत आठ टक्के ओलावा प्रमाण धरतात, त्यापुढे कपात होते आणि बारा टक्क्यांच्या वर मालच घेत नाहीत. सकाळी दवात वेचून त्याच दिवशी बाजारात नेलेला कापूस का मार खातो, ते यावरून लक्षात यावे.

दवंडी पिटणारा कारण सांगत नाही

पूर्वी गावात कोतवाल दवंडी पिटायचा. अमुक दिवशी अमुक करा, एवढेच तो सांगायचा. त्यामागची कचेरीतली चर्चा, कागदपत्रे, कारणे यांतले काही तो सांगत नसे आणि गावाला त्याची गरजही नसे. दवंडी ऐकून जो तो आपापले काम उरकायचा. भाव हेच काम करतो. ब्राझीलमध्ये पीक कमी आले ही बातमी शेंबाळपिंपरीच्या शेतकऱ्याने वाचलेली नसते आणि वाचण्याचे कारणही नसते. क्विंटलमागे दीडशे रुपये वाढले एवढेच त्याच्यापर्यंत पोहोचते आणि तेवढ्यावर तो ठरवतो: आज विकायचे की थांबायचे, फरदड ठेवायची की उपटून हरभरा घ्यायचा.

फ्रेडरिक हायेक या अर्थतज्ज्ञाने १९४५ साली एका निबंधात हाच मुद्दा मांडला. पुढे १९७४ साली त्याला नोबेल मिळाले. त्याचे म्हणणे असे की अर्थव्यवस्था चालवायला लागणारे ज्ञान कुठल्याही एका डोक्यात किंवा एका कचेरीत नसते, ते लाखो माणसांत विखुरलेले असते. कुठल्या धुऱ्याला पाणी मुरते, कुठल्या जिनिंगच्या मशीनला धागा तुटतो, कुठला सूतगिरणीवाला पैसे थकवतो हे ज्याचे त्याला माहीत. ही तुकड्यातुकड्यांची माहिती जिथे एकत्र येते ती जागा म्हणजे भाव. मुंबईत बसलेला अधिकारी कितीही हुशार आणि प्रामाणिक असला, तरी हंगामाच्या आधी एक आकडा जाहीर करून त्याला हे काम साधत नाही, कारण निम्मी माहिती तोवर जन्मालाच आलेली नसते.

दारातला व्यापारी नेमके काय करतो?

‘मधला माणूस’ म्हटला की आपल्याकडे तो काही न पिकवता खाणारा, असेच चित्र उभे राहते. त्याचे काम जवळून पाहावे. तो सकाळी पंधरा घरांतला कापूस हातात घेऊन पाहतो, बोटांनी तंतू ओढून लांबी अजमावतो, मूठभर दाबून ओल ओळखतो. कवडी किती, पाला किती हे बघतो. मग माल उचलतो आणि शेतकऱ्याला तिथेच पैसे देतो. त्या क्षणापासून भाव पडला तर तोटा त्याचा. जिनिंगवाल्याचा धोका तर याहून मोठा. तो हंगामात हजारो क्विंटल माल घेऊन बसतो, बँकेचे व्याज भरतो आणि रुई विकेपर्यंत दर कुठे असेल हे त्यालाही ठाऊक नसते.

पण पहिला उद्योजक शेतकरीच, हे विसरता कामा नये. जूनमध्ये बियाणे, खत, मजुरी यांत तो पैसा मातीत घालतो आणि नोव्हेंबरात काय हाती येईल हे कुणीही त्याला सांगू शकत नाही. जिनिंगवाल्याचा धोका काही आठवड्यांचा, शेतकऱ्याचा सहा महिन्यांचा. त्याला आपण उद्योजक म्हणत नाही, लाभार्थी म्हणतो. माझ्या मते आपल्या शेतीधोरणाचे बरेचसे चुकते ते इथेच.

कारंजा, १८८६

आता सुरुवातीला निघालेल्या व्यापाऱ्यांच्या संगनमताकडे वळू. खुला बाजार म्हणजे नियमच नसलेला बाजार, असे मानणाऱ्यांनी वऱ्हाडचा इतिहास जरूर पाहावा. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१–६५) मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला जागतिक भाव आला. त्याबरोबर बाजारातल्या युक्त्याही आल्या. उपरण्याखाली हात घालून बोटांच्या खुणांनी सौदा करायचा, म्हणजे ज्याचा माल त्यालाच भाव कळत नसे. काटा एक, मापे दोन. कडता, धर्मादाय, तोलाई अशा नावांखाली कपाती चालायच्या. शेतकरी बंडी जुंपून वीस कोस आलेला, आणि बरेचदा त्याच व्यापाऱ्याचा कर्जदार. परत कुठे जाणार?

यावर उपाय म्हणून कारंज्यात १८८६ साली पहिला नियंत्रित कापूस बाजार भरला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. देशातल्या सगळ्या बाजार समित्यांचे मूळ इथे आहे. पुसद तेव्हा वाशिम जिल्ह्यात होते, यवतमाळला जोडले गेले १९०५ साली. म्हणजे ही सगळी आपल्याच मुलखातली हकीकत. इंग्रजांना मँचेस्टरसाठी स्वच्छ माल हवा होता, शेतकऱ्याचा कळवळा नव्हता, हे खरेच. तरी उघडा हर्रास, एकच काटा, लेखी पावती या गोष्टींनी शेतकऱ्याची बाजू भक्कम झाली यात शंका नाही.

इथे एक फरक नीट ध्यानात घ्यायला हवा. सरकार काटा तपासते, फसवणूक करणाऱ्याला शिक्षा करते, सौदा मोडणाऱ्याकडून पैसे वसूल करून देते, तेव्हा ते बाजार चालू ठेवते. सरकार स्वतःच एकमेव गिऱ्हाईक होऊन बसते, तेव्हा बाजार संपतो. कारंज्यात पहिले काम झाले. ८६ वर्षांनी महाराष्ट्राने दुसरे करून पाहिले.

एकच गिऱ्हाईक

वसंतराव नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. पुसदला त्यांनी वकिली केली, नगराध्यक्षपद सांभाळले, इथूनच आमदार झाले आणि डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत राज्याचे मुख्यमंत्री राहिले. शेतकऱ्याची नाडवणूक त्यांनी कोर्टात आणि बाजारात स्वतः पाहिलेली होती. संकरित ज्वारीचा ध्यास घेणारा आणि १९७२ च्या दुष्काळात हातांना काम देणारा हा मुख्यमंत्री. त्यांच्याच कारकिर्दीत महाराष्ट्र कच्चा कापूस (खरेदी, प्रक्रिया व पणन) अधिनियम, १९७१ आला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. व्यापारी लुबाडतो ना, मग व्यापारीच नको, सरकार घेईल. कापूस सरकारी केंद्रावरच विकायचा. भाव हमीचा. रुई विकून नफा झाला तर तीन चतुर्थांश शेतकऱ्यांना बोनस म्हणून वाटायचा, उरलेला चढउतार निधीत टाकायचा. तोटा आला तर सरकार भरणार. कागदावर यात खोट काढणे कठीण.

प्रत्यक्षात काय झाले ते पायरी पायरीने पाहू. हमीभाव हंगामाआधी ठरतो, बाजारभाव रोज हलतो. ज्या वर्षी शेजारच्या राज्यात भाव हमीपेक्षा वर जातो, त्या वर्षी कापूस सीमा ओलांडतो आणि सरकारी केंद्र ओस पडते. म्हणजे नफ्याच्या वर्षी योजनेकडे मालच नाही. ज्या वर्षी बाजार हमीच्या खाली जातो, त्या वर्षी महाराष्ट्रातला सगळा कापूस तर केंद्रावर येतोच, वर सीमेपलीकडचाही आत शिरतो. तोट्याच्या वर्षी योजनेकडे माल मावत नाही. दर हंगामाला हे असेच घडणार, मग चढउतार निधी भरायचा कुठून? त्यात पुढेपुढे हमीचा दर केंद्राच्या आधारभूत किमतीच्याही वर ठेवण्याची स्पर्धा लागली. साचलेला तोटा हजार कोटींच्या कितीतरी पुढे गेला.

दुसरी गळती प्रतवारीत होती. केंद्रावरचा ग्रेडर ढिगाकडे बघून प्रत ठरवणार. त्याच्या शब्दावर अपील कुठे? शेजारी दुसरा खरेदीदार उभा असता, तर चांगल्या मालाला कमी प्रत लावणाऱ्या ग्रेडरसमोरून बंडी वळवता आली असती. ती सोय नव्हती. स्वच्छ, कोरडा, लांब धाग्याचा कापूस आणणाऱ्याला त्याचे पुरते दाम मिळेनात आणि ओला, कवडीमिश्रित माल सरासरीत खपू लागला. चांगला माल पिकवण्याची, निवडून वेचण्याची, वेगळा ठेवण्याची उमेद अशी हळूहळू मरते, कुणी ती मारायचे ठरवले नसतानाही.

तिसरी गोष्ट वेळेची. केंद्रापुढे बैलगाड्यांच्या रांगा लागत. थंडीत बैलांसह रस्त्यावर रात्री काढायच्या, मग माप व्हायचे, मग चुकाऱ्याची वाट बघायची. चुकारे हप्त्याने, आणि हप्ता कधी येईल ते सांगता यायचे नाही. ज्याच्या घरी लग्न किंवा दवाखाना निघाला, तो हाती आलेली पावतीच कमी पैशात दुसऱ्याला देऊन टाकायचा. व्यापारी हटवून सावकारी हटली नाही, तिने फक्त जागा बदलली.

पैनगंगेचा पूल

पांढरकवड्याहून पाटणबोरीच्या पुढे गेले की पैनगंगेचा पूल लागतो, पलीकडे आदिलाबाद जिल्हा, तेव्हा आंध्रात, आता तेलंगणात. पुसदच्या माणसाला माहूर-किनवटवरूनही तिकडे जाता येते. माती तशीच काळी, वाण तेच. एकाधिकाराच्या काळात इकडचा शेतकरी आपल्या शेतातला कापूस घेऊन तो पूल ओलांडायला गेला तर तो गुन्हा होता. चोरीचा माल नाही, बंदी असलेला पदार्थ नाही. स्वतः पेरलेले, स्वतः वेचलेले पीक रात्रीच्या अंधारात आडवाटेने न्यावे लागायचे.

आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(छ) मध्ये कोणताही व्यवसाय, धंदा वा व्यापार करण्याचे स्वातंत्र्य नागरिकाला दिले आहे. अनुच्छेद ३०१ सांगतो की भारताच्या संपूर्ण प्रदेशात व्यापार मुक्त राहील. पण अनुच्छेद ३०४ मध्ये वाट ठेवली आहे: राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने राज्यांना लोकहितासाठी वाजवी निर्बंध घालता येतात. लोकहित कशात आहे हे ठरवताना ज्याच्या मालावर निर्बंध येतो त्याला विचारण्याची पद्धत मात्र नाही. भाषणस्वातंत्र्यावर गदा आली की शहरात मोर्चे निघतात, आणि निघायलाच हवेत. पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या आयुष्यात स्वातंत्र्याची रोजची कसोटी एकच असते. समोरच्याचा भाव पटला नाही, तर ‘नाही’ म्हणून बंडी वळवता येते का? एकाधिकाराने भावाची हमी दिली आणि नेमके हेच काढून घेतले.

शरद जोशींनी हे सर्वांत स्पष्ट ओळखले. स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून ते आले, चाकणजवळ आंबेठाणला जमीन घेऊन कोरडवाहू शेती केली आणि शेतकरी संघटना उभी केली. १९८० च्या कांदा आंदोलनानंतर संघटनेने विदर्भ-मराठवाड्यात कापसाच्या भावाचा लढा उभारला. १० डिसेंबर १९८६ रोजी हिंगोलीजवळ सुरेगावला पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मारले गेले. पुसदपासून हे फार दूर नाही. इथल्या अनेक घरांतली वडीलधारी मंडळी त्या आंदोलनात होती. हळूहळू जोशींची मांडणी ‘जास्त भाव द्या’ इथून ‘बाजारातून बाजूला व्हा’ इथवर आली.

जुलै १९९१ मध्ये देशाने उद्योगांवरचे परवाना राज्य मोडीत काढायला घेतले, तेव्हा महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदी होते सुधाकरराव नाईक, पुसदच्या त्याच घराण्यातले. कारखानदाराला काय बनवावे आणि किती बनवावे याची मोकळीक मिळाली. कापूसवाल्याला पूल ओलांडायची मोकळीक मिळायला आणखी दहा-अकरा वर्षे लागली. २००२ नंतर खासगी खरेदीला दारे उघडली, एकाधिकारात सरकारसाठी कापूस घेणारा पणन महासंघ अनेकांतला एक खरेदीदार उरला आणि एकाधिकार मावळला.

शेजारच्या वावरातली हळद

कापसाच्या गदारोळात या भागातल्या दुसऱ्या दोन पिकांकडे लक्ष जात नाही. गेल्या काही दशकांत विदर्भातल्या कापसाच्या वावरांत सोयाबीन पसरले. त्यासाठी फर्मान निघाले नव्हते. चार महिन्यांत मोकळे होणारे पीक, वेचणीची मजुरी नाही, मागून हरभरा घेता येतो, हा हिशेब हजारो कुटुंबांनी आपापल्या घरात मांडला आणि मुलखाचे पीकच बदलून टाकले. पुसद, उमरखेड, महागावकडच्या बागायतदारांनी हळद धरली. हळदीला हमीभाव नाही. पण हिंगोली पटले नाही तर वसमत, तेही नाही तर नांदेड, अशी तीन दारे तिच्यासमोर असतात. बेणे, शिजवण्याचे कुकर, पॉलिश करण्याची यंत्रे, त्यांचे भाडे, असा एक धंदाच हळदीभोवती गावातल्या पोरांनी उभा केला. हळदीचा भाव पडतो तेव्हा जोरात पडतो, त्यात अनेक जण पोळलेले आहेत. तरी हळद उत्पादकांनी एकाच सरकारी केंद्रावर विकण्याची सक्ती मागितल्याचे मी ऐकलेले नाही.

मग दुःख का राहिले?

प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. एकाधिकार गेला, तरी यवतमाळ जिल्ह्याचे नाव देशभर झाले ते शेतकरी आत्महत्यांमुळे. २००६ च्या मध्यास पंतप्रधानांना विदर्भात यावे लागले. खुल्या बाजाराने शेतकरी तारला असे म्हणणाऱ्याला आत्महत्या झालेल्या घरांसमोर उभे राहून बोलता आले पाहिजे.

पहिले उत्तर, बाजार खुला झाला तो अर्धाच. भाव चढला की सरकार दार लावते: एप्रिल २०१० मध्ये कापसाची निर्यात रोखली, मार्च २०१२ मध्ये पुन्हा बंदी आली. २०२१ साली कापसावर ११ टक्के आयात शुल्क लावले, २०२२ मध्ये काही महिने ते उठवले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये, नवा कापूस यायच्या तोंडावर, वर्षअखेरपर्यंत पुन्हा उठवले. आयात खुली असण्याला माझा विरोध नाही. खुलेपणाची बाजू घ्यायची तर ती दोन्हीकडून घ्यावी लागते. पण पेरताना एक नियम आणि विकताना दुसरा, हे कुठल्याही उद्योजकाला परवडत नाही. सोयाबीन आणि हरभऱ्याचे वायदे २०२१ मध्ये बंद केले, म्हणजे पुढच्या महिन्यांचा अंदाज देणारी दवंडीच थांबवली. बियाण्याचेही तेच. ब्राझील-ऑस्ट्रेलियाचा शेतकरी तणनाशक सहन करणारा कापूस लावतो आणि त्याच्या रुईशी आपली रुई स्पर्धा करते, पण इथे त्या वाणाला परवानगी नाही. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी जाहीरपणे ते बियाणे लावून सविनय कायदेभंग केला. वाणाची चाचणी कसून व्हावी, पण तिचा निकाल ठरल्या मुदतीत लागावा. तो वर्षानुवर्षे लटकत राहतो, तेव्हा बियाणे चोरवाटेने येते आणि फसवणुकीची दाद कुठे मागता येत नाही.

दुसरे उत्तर जास्त अवघड आहे. ‘नाही’ म्हणायचा हक्क कायद्याने दिला, तरी ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे आणि घरात दाणा नाही, त्याला तो वापरता येत नाही. दिवाळीआधी विकणे त्याला भागच असते. पाणी, कर्ज, साठवण यांतले काही नसेल तर बाजाराचे स्वातंत्र्य त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि हे मान्य न करणारा खुल्या बाजाराचा समर्थक शेतकऱ्याच्या उपयोगाचा नाही. आधारभूत किंमत म्हणूनच मला नकोशी वाटत नाही. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये ठरले. बाजार त्याखाली गेला तर भारतीय कापूस महामंडळाने घ्यावे, वर असेल तर शेतकऱ्याने हवे तिथे जावे. पडताना धरणारा हात म्हणून ती राहावी. १९७२ मध्ये तिच्या आधारे दार बंद केले, तिथे बिघडले.

थांबण्याचे स्वातंत्र्य हाती आले तरी थांबणे नेहमी फळतेच असे नाही. २०२१-२२ च्या हंगामात कापूस दहा हजारांच्या पार गेला. पुढच्या वर्षी त्या आशेने कापूस घराघरांत भरून राहिला. माणसे त्या गंजीशेजारी झोपली, लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटली, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात भाव सात हजारांच्या आसपास येऊन बसला. तो अंदाज चुकला. मात्र तो त्यांचा स्वतःचा होता, आणि त्यातून शिकून पुढच्या हंगामात अनेकांनी माल टप्प्याटप्प्याने काढला.

शंभर गाठींचे गणित

घरात माल न ठेवता थांबता येण्याचा एक मार्ग आहे. एक गाठ १७० किलोंची. ३४ टक्के उताऱ्याने तिला बरोबर पाच क्विंटल कापूस लागतो. कापूस घरात ठेवला तर आग, उंदीर, वजनघट, खाज. त्याची गाठ बांधली तर ती गोदामात महिनोन् महिने राहते, गोदामाच्या पावतीवर बँक कर्ज देते आणि सरकी त्याच आठवड्यात विकून हाती रोकड येते. अडचण इतकीच की सूतगिरणीला दोन-चार गाठी नको असतात, ती ट्रकभर, म्हणजे साधारण शंभर गाठी मागते. शंभर गाठींना पाचशे क्विंटल कापूस लागतो. घरटी आठ-दहा क्विंटल धरले तर पन्नास-साठ कुटुंबांचा माल.

कंपनी कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने किमान दहा शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढता येते. जिनिंग उभारण्याची गरज नाही, मजुरीवर रुई काढून देणारे जिनिंगवाले या भागात आहेत. पन्नास घरांनी एक वाण लावायचा, कोरडा कापूस वेचायचा, कवडी वेगळी काढायची, उतारा आणि धाग्याची लांबी प्रयोगशाळेत तपासून घ्यायची. मग तो प्रमाणित माल घेऊन सूतगिरणीशी थेट बोलायचे. सगळ्यांत कठीण भाग यंत्राचा नाही की भांडवलाचाही नाही. पन्नास जणांपैकी कुणी एखाद्याने ओला कापूस मिसळला, तर तो परत पाठवण्याचे धाडस कंपनीच्या संचालकाला, म्हणजे त्याच्याच भाऊबंदाला, दाखवावे लागते. ज्या गटांना ते जमले, त्यांच्या गाठीला गिऱ्हाईक दुसऱ्या वर्षी आपणहून फोन करते. ज्यांना जमले नाही, ते पुन्हा एकेकटे खेडा खरेदीच्या गाडीची वाट बघतात.